जुनं ग्राफिक्स कार्ड घेताय? ब्राउझरमधली पाथ ट्रेसिंग चाचणी अशी लावा

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बघायला गेलं की विकणारा एखादा गेम सुरू करून दाखवतो, पंख्यांकडे बोट करतो आणि म्हणतो, "ताई, कार्ड एकदम कडक आहे, डोळे झाकून घेऊन जा." तेवढ्यावर पैसे मोजू नका. गेम चालतो म्हणजे कार्डाला पूर्ण ताकद लावता येते, असं नाही. आणि नावावर तर अजिबात जाऊ नका, कारण कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या चिपमध्ये भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार करून नाव बदलता येतं.

मी दागिन्यांच्या डिझाइनचे रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर हुबेहूब चित्रं, करते. कोल्हापुरी साज असो की हुपरीची चांदी, धातूवर उजेड कसा पडतो यावरच गिऱ्हाईक चित्र पसंत करतं, आणि तो उजेड मोजण्याचं काम कार्ड करतं. माझ्यासारखेच आर्किटेक्चर आणि अ‍ॅनिमेशन शिकणारे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कॅडवर बसणारे बरेच जण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी परवडणारं कार्ड शोधत असतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं राबवून चलन मिळवणं, बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. त्यातली काही आजही हातोहात फिरतात. काही उत्तम आहेत, काहींचा जीव गेलेला आहे. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात.

ब्राउझरमधली चाचणी यासाठी उपयोगी, की दुकानदार किंवा घरून विकणारा माणूस स्वतःच्या मशीनवर तुम्हाला काही इन्स्टॉल करू देत नाही आणि त्यात त्याचं चुकतही नाही. पण ब्राउझर उघडून एक पान लावायला सहसा कुणी नको म्हणत नाही.

१. ही चाचणी नेमकं काय करते

पाथ ट्रेसिंगमध्ये पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलमधून किरण सोडतात. तो एखाद्या पृष्ठभागावर आपटतो, उसळतो, पुन्हा आपटतो, दिव्यापर्यंत पोचला की त्याचा हिशेब होतो. जेम्स काजिया यांनी १९८६ साली या पद्धतीचं गणित मांडलं. किरण कुठल्या दिशेला उसळणार हे यादृच्छिक असतं, म्हणून पहिलं चित्र दाणेदार येतं आणि सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलमागे सोडलेले किरण) वाढतील तसं निवळत जातं. दाणे निम्मे करायला चौपट सॅम्पल लागतात. कार्डाचा वेग इथं महत्त्वाचा ठरतो तो यामुळेच.

कार्डासाठी हे काम अवघड आहे. एनव्हिडियाची कार्डं ३२-३२ धाग्यांच्या गटानं काम करतात आणि शेजारच्या पिक्सेलचे किरण एका उसळीनंतर भलत्याच दिशांना जातात. म्हणजे नुसती बेरीज-गुणाकाराची ताकद पुरत नाही, कॅश (चिपमधली झटपट मेमरी) आणि मेमरीचीही परीक्षा होते. मिनिटभरात कार्ड शंभर टक्के भाराला जातं.

चाचणीची पानं बरीच आहेत. इव्हान वॉलेस यांचा २०१० चा वेबजीएल (ब्राउझरमधून ग्राफिक्स कार्ड वापरायचं मानक) पाथ ट्रेसिंग डेमो अजून नावाजला जातो, पण आजच्या कार्डांना तो फार हलका आहे. 'थ्री-जीपीयू-पाथट्रेसर' या लायब्ररीचे डेमो जास्त योग्य, कारण त्यात खरी मॉडेल्स असतात आणि सॅम्पल, बाउन्स (किरणाच्या उसळ्या), रिझोल्यूशन हाताने ठरवता येतात. कुठलंही पान निवडा, पण एकच निवडा आणि कायम तेच वापरा.

२. सोबत काय न्यायचं

- स्टॉपवॉच आणि व्हिडिओसाठी मोबाईल. इंटरनेटही मोबाईलचंच ठेवा, दुकानातल्या वायफायवर विसंबू नका.
- पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर. हे इन्स्टॉल न करता चालतं. समोरचा पेन ड्राइव्ह लावू देईलच असं नाही, पण विचारायला काय जातं.
- वही. आकडे डोक्यात ठेवायचे नाहीत.
- आधीच काढून ठेवलेला तुलनेचा आकडा. याबद्दल सातव्या पायरीत.
- विक्रेत्याकडून बघायचे कागद: मूळ जीएसटी बिल, खोका, खोक्यावरचा आणि कार्डावरचा अनुक्रमांक. दोन्ही जुळले पाहिजेत.

जाण्याआधी फोनवरच सांगून ठेवा: "दादा, वीस-पंचवीस मिनिटं चाचणी लावणार आहे, चालंल नव्हं?" जो लगेच हो म्हणतो त्याच्याकडे आधी जा. जो "एवढं काय बघायचंय त्यात" म्हणतो त्याच्याकडे सगळ्यात शेवटी.

३. ब्राउझर खरंच त्याच कार्डावर चालतोय का, हे आधी बघा

सगळ्यात जास्त लोक इथं फसतात, म्हणून सविस्तर सांगते.

मशीनमध्ये बऱ्याचदा दोन ग्राफिक्स असतात: प्रोसेसरमधलं आणि वेगळं लावलेलं कार्ड. ब्राउझर वीज वाचवायला पहिलंच पकडू शकतो. मग तुम्ही मोजता एक आणि विकत घेता दुसरंच.

आधी डेस्कटॉपच्या मागं वाकून केबल बघा. मॉनिटरची केबल कार्डाच्या आडव्या पट्टीतल्या पोर्टात हवी. वर, यूएसबीच्या रांगेजवळच्या पोर्टात असेल तर ती मदरबोर्डला लागलेली आहे. ती काढून कार्डाला लावायला सांगा.

मग क्रोममध्ये पत्त्याच्या जागी 'क्रोम://जीपीयू' इंग्रजी अक्षरांत टाइप करा. एजमध्ये सुरुवातीला 'एज' घालायचं, फायरफॉक्समध्ये 'अबाउट:सपोर्ट'. पानावर वेबजीएलच्या ओळीत 'हार्डवेअर ॲक्सेलरेटेड' असं हवं. खाली रेंडररची एक लांबलचक ओळ असते: आधी 'अँगल', मग कंपनी, मग कार्डाचं पूर्ण नाव, मग 'डायरेक्ट३डी११'. विंडोजवर क्रोम वेबजीएलचं काम अँगल नावाच्या थरातून डायरेक्ट३डीकडे सोपवतो, त्यामुळे ही ओळ अशीच दिसायला हवी. कार्डाच्या नावाऐवजी 'स्विफ्टशेडर' किंवा 'मायक्रोसॉफ्ट बेसिक रेंडर' दिसलं, तर सगळं काम प्रोसेसर करतोय आणि कार्ड झोपलंय. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम विभागात ग्राफिक्स ॲक्सेलरेशनचं बटण चालू करा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडा. तरीही फरक पडला नाही तर ड्रायव्हर नीट बसलेला नाही.

लॅपटॉप असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जा. यादीत ब्राउझर निवडून 'हाय परफॉर्मन्स' द्या. चार्जर लावलेलाच हवा, बॅटरीवरचा आकडा ग्राह्य धरू नका. लॅपटॉपमध्ये आणखी एक पेच आहे. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या वॅटवर चालतं. आरटीएक्स ४०६० ची लॅपटॉप आवृत्ती ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठंही बसवलेली असू शकते. नुसत्या नावावरून दोन लॅपटॉप ताडू नका.

शेवटची खात्री चाचणी सुरू असताना करायची. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन आलेख असतील तर योग्य नावाचा आलेख वर चढला पाहिजे. टास्क मॅनेजर चाचणीच्या खिडकीवर पसरू देऊ नका, बाजूला सरकवा. झाकलेल्या किंवा मिनिमाइझ केलेल्या टॅबचं काम ब्राउझर थांबवतो आणि तेवढा वेळ तुमच्या मोजणीत फुकट जातो.

४. सगळ्या अटी बांधून घ्या

चाचणीचं चित्र खिडकीच्या मापाचं असेल तर मोठ्या मॉनिटरवर आकडा पडतो, लहानावर वाढतो. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० पिक्सेल. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६००, सव्वादोन पट. शिवाय विंडोजचं १२५ टक्के स्केलिंग आणि ब्राउझरचा झूम हेही पिक्सेलची संख्या बदलतात.

म्हणून पानावर रिझोल्यूशन हाताने ठरवता येत असेल तर १२८० गुणिले ७२० ठेवा. कंट्रोल-शून्य दाबून झूम शंभरावर आणा. बाउन्स ५ ठेवा. दृश्य आणि कॅमेरा पान उघडल्यावर जसे येतात तसेच राहू द्या, माऊसने फिरवू नका. फिरवलं की सॅम्पल पुन्हा शून्यापासून मोजले जातात. बाकीचे टॅब बंद करा. ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती वहीत लिहा.

पानावर वेबजीएल आणि वेबजीपीयू (त्याच कामाचं नवं मानक) असे दोन पर्याय असतील तर कुठला घेतला तेही लिहा. क्रोममध्ये वेबजीपीयू २०२३ साली आवृत्ती ११३ पासून आलं. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

५. साठचा अडसर

ब्राउझर मॉनिटरच्या ताजेतवाने होण्याच्या वेगाने फ्रेम काढतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ६० फ्रेम, जास्त नाहीत. चाचणी फ्रेममागे एकच सॅम्पल घेत असेल आणि दृश्य हलकं असेल, तर आरटीएक्स ३०६० आणि त्याच्या दुप्पट ताकदीचं कार्ड दोन्ही साठच दाखवतील. "दोन्ही सारखीच आहेत की," असं विक्रेता खऱ्या मनानं म्हणेल आणि तुम्हालाही पटेल.

आकडा ६०, ७५ किंवा १४४ वर खिळल्यासारखा स्थिर दिसला की समजा, कार्डाचा नव्हे, मॉनिटरचा वेग मोजला जातोय. फ्रेममागचे सॅम्पल वाढवत न्या: २, ४, ८. फ्रेमचा वेग तिशीच्या आसपास आला की थांबा.

एकदम ६४ वर उडी मारू नका. विंडोज कार्डाच्या एका कामाची साधारण दोन सेकंद वाट बघतं आणि मग ड्रायव्हरच परत सुरू करतं. पडदा क्षणभर काळा होतो, पानावर 'कॉन्टेक्स्ट लॉस्ट' असा संदेश येतो. नवखा माणूस घाबरतो आणि चांगलं कार्ड नाकारतो. हा दोष कार्डाचा नाही, काम फार मोठं दिल्याचा आहे. ब्राउझर बंद करून कमी सॅम्पलवर परत लावा. कमी सॅम्पलवरही तसंच झालं तर मात्र ते कार्ड सोडा.

६. मोजणी

पान पहिल्यांदा उघडल्यावर ते काही वेळ अडकल्यासारखं वाटेल. शेडर (कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम) संकलित होत असतो, कधीकधी अर्धा मिनिटही लागतं. हा पहिला रन धरायचा नाही.

दुसऱ्या रनपासून मोबाईलच्या स्टॉपवॉचवर साठ सेकंद मोजा आणि सॅम्पलची संख्या लिहा. साठच का? ब्राउझर सुरक्षेसाठी स्वतःची घड्याळं मुद्दाम थोडी बोथट ठेवतात, त्यामुळे दोन-चार सेकंदांच्या मोजणीत चूक मोठी होते. असे तीन रन घ्या. तिन्ही आकडे दोन-तीन टक्क्यांच्या आत हवेत. त्याहून पांगले असतील तर मागं विंडोज अपडेट किंवा अँटीव्हायरस काहीतरी करतोय, ते संपू द्या.

हिशेबाचं एक उदाहरण. १२८० गुणिले ७२० वर साठ सेकंदांत २,४०० सॅम्पल झाले. सेकंदाला ४०. त्याला ९,२१,६०० ने गुणलं की सेकंदाला सुमारे ३ कोटी ६९ लाख पाथ. हा शेवटचा आकडा लिहून ठेवायची सवय लावा, म्हणजे पुढं कधी रिझोल्यूशन बदलावं लागलं तरी अंदाजे तुलना होते.

७. आकडा कशाशी ताडायचा

एकट्या आकड्याला अर्थ नाही. त्याच मॉडेलच्या, चांगल्या स्थितीतल्या कार्डावर त्याच अटींत काढलेला आकडा हवा. कॉलेजची लॅब, मित्राचं मशीन, नाहीतर राजारामपुरी-शाहूपुरीतल्या ज्या दुकानात नवं मशीन जोडून ठेवलेलं असेल तिथं विनंती करा. मी ओळखीच्या लोकांचे आकडे एका वहीत उतरवून ठेवते. तुम्हीही मित्रमंडळींत अशी यादी करा, पुढच्याला फार उपयोग होतो.

दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर चिंता नको. वेगवेगळ्या कंपन्यांचे कूलर आणि क्लॉक (चिपचा वेग) यांनी एवढं होतं. पंचवीस-तीस टक्के कमी असेल तर कारण शोधल्याशिवाय पैसे देऊ नका.

निम्म्याहूनही कमी असेल तर ते बनावट असण्याची दाट शक्यता आहे. बाजारात २०१० चं जीटीएस ४५० बायोस बदलून जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकल्याचे प्रकार झालेले आहेत. पहिल्यात १९२ कोअर, दुसऱ्यात ७६८. रेंडररच्या ओळीत नाव १०५० टीआयच येतं, पण एका मिनिटाची मोजणी सगळं उघडं करते. जीपीयू-झेडसुद्धा अशा कार्डाच्या नावाआधी 'फेक' असा शिक्का दाखवतं.

उलट बाजूचं उदाहरण आरएक्स ५८० चं. मूळ कार्डात २,३०४ स्ट्रीम प्रोसेसर आहेत, पण त्याच नावानं फिरणाऱ्या एका आवृत्तीत २,०४८ च आहेत. फरक जेमतेम अकरा टक्क्यांचा, मोजणीत सहज निसटेल. इथं चाचणीवर भरवसा ठेवू नका, जीपीयू-झेडमध्ये 'शेडर्स' या नावाखाली दिलेली स्ट्रीम प्रोसेसरची संख्या वाचा.

आता आरटीएक्स घेणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. २०१८ पासूनच्या आरटीएक्स कार्डांत किरणांसाठी वेगळे आरटी कोअर असतात. वेबजीएल आणि वेबजीपीयू या दोन्ही मानकांत त्यांच्यापर्यंत पोचायची सोय नाही. ब्राउझरमधली चाचणी किरण आणि त्रिकोणांचं सगळं गणित साध्या शेडरमध्ये करते. ब्लेंडरमध्ये मात्र २०१९ च्या २.८१ आवृत्तीपासून एनव्हिडियाचं ऑप्टिक्स आहे आणि ते आरटी कोअर वापरतं. म्हणून ब्राउझरमध्ये जुनं जीटीएक्स आणि नवं आरटीएक्स यांच्यात जेवढं अंतर दिसतं, त्याहून ब्लेंडरमध्ये बरंच जास्त दिसेल. ही चाचणी गुजरीतल्या सराफाच्या कसोटीच्या दगडासारखी आहे: कस कळतो, दागिना कसा घडेल ते नाही. कुठल्या मॉडेलचं कार्ड घ्यायचं हे ठरवायला ब्लेंडरचे स्वतःचे बेंचमार्क बघा. समोरचा नग ठणठणीत आहे का, हे बघायला ब्राउझर.

व्हीरॅमचंही, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचंही, तसंच. ब्राउझरचा डेमो मेमरीचा छोटासाच भाग वापरतो. ४ जीबी आणि ८ जीबी यातला फरक इथं दिसणार नाही, जड सीन उघडल्यावर दिसेल.

८. तापू द्या आणि बघत राहा

तीन रन झाले की चाचणी पंधरा मिनिटं तशीच चालू ठेवा. विक्रेत्याशी गप्पा मारा, पण पडद्यावरची नजर हलवू नका.

पहिल्या आणि शेवटच्या मिनिटाचे सॅम्पल ताडा. तीन ते पाच टक्के घट चालते. पंधरा टक्क्यांवर गेली तर कार्ड तापून स्वतःला आवरतंय: चिपची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट सुकली असेल, त्याच कामाचे थर्मल पॅड गेले असतील, पंख्याचं बेअरिंग झिजलं असेल. जीपीयू-झेड लावता आलं तर हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि मुख्य तापमान यांतलं अंतर बघा. दहा-पंधरा अंश नेहमीचं आहे, तीसच्या पुढं असेल तर किंमत पाडून मागा आणि पेस्टचा खर्च धरून चाला.

दुकानात एसी असेल तर हे लक्षात ठेवा, की आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये माळ्यावरच्या किंवा पत्र्याखालच्या खोलीत हवाच दहा अंशांनी गरम असते. कार्डाचं तापमान जवळपास तेवढंच वर जाईल.

आता पडद्यावर काय दिसतं त्याबद्दल. सुरुवातीचे दाणे हा दोष नाही. काचेच्या किंवा चकचकीत धातूच्या आसपास एकटेदुकटे लखलखीत पांढरे ठिपके दिसतात, त्यांना फायरफ्लाय म्हणतात. तेही दोष नाहीत, क्वचित सापडणाऱ्या तेजस्वी किरणांमुळे येतात आणि सॅम्पल वाढले की विरतात. दोष वेगळा दिसतो: चौकोनी ठोकळे, बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी, आडव्या-उभ्या रेघा, आणि मुख्य म्हणजे चित्राबाहेर, ब्राउझरच्या मेनूवर किंवा विंडोजच्या पट्टीवरही तेच रंग उमटणं. चाचणीचं चित्र सोडून बाकी पडद्यावर काही बिघडलं, की पान बंद करा आणि नम्रपणे नमस्कार करून निघा. मेमरी चिप गेलेलं कार्ड कितीही स्वस्त मिळालं तरी महागच.

९. घरी लावण्याआधी

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएसचा हिशेब करा. जीटीएक्स १६५० ला ७५ वॅट पुरतात, आरटीएक्स ४०६० ला ११५, आरटीएक्स ३०६० ला १७०. घरोघरी असणारा ६०० व्हीए चा यूपीएस साधारण ३६० वॅटच झेपवतो, आणि त्यात प्रोसेसर, मॉनिटर हेही आले. पाथ ट्रेसिंग सुरू केल्याबरोबर यूपीएस शिटी मारायला लागला तर कार्डात काही बिघाड नाही, यूपीएस मोठा लागेल. हा खर्च कार्डाच्या किमतीत आधीच धरा.

घरी पहिल्याच दिवशी त्याच पानावर, त्याच अटींत पुन्हा तीन रन घ्या. दुकानातल्या आकड्याशी पाच टक्क्यांच्या आत जुळले पाहिजेत. कमी आले तर आधी केबल आणि क्रोमचं जीपीयू पान पुन्हा तपासा, मग कार्डाची पॉवर केबल पूर्ण आत बसलीय का ते.

पैसे देताना मूळ बिल मागून घ्या. ते हरवलं असेल तर साध्या कागदावर मॉडेल, अनुक्रमांक, तारीख, रक्कम आणि किती दिवसांत परत घेणार हे विक्रेत्याच्या सहीनिशी लिहून घ्या. चाचणी चालू असतानाचा एक व्हिडिओ काढा. त्यात पडद्यावरचा सॅम्पलचा आकडा आणि केसमधल्या कार्डावरचा अनुक्रमांक एकाच सलग चित्रणात यायला हवेत.